वायदे-बाजार : औषध कोणाचे, आणि घेतो कोण?

औषध आणि विष यांत वस्तूचा भेद क्वचितच असतो. भेद असतो तो मात्रेचा आणि पात्रतेचा, हे आपणा वैद्यकव्यावसायिकांना कोणी सांगावयास नको. मधुमेही रुग्णाचे प्राण राखणारे इन्सुलिन निरोगी माणसास टोचले, तर तो थोड्याच वेळात घामाघूम होऊन मूर्च्छित पडेल. म्हणूनच कोणतेही औषध लिहिण्यापूर्वी आपण प्रथम एक प्रश्न विचारतो : या रुग्णास याची गरज आहे काय? हाच प्रश्न आर्थिक क्षेत्रातील एका औषधाविषयी विचारावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते औषध म्हणजे वायदे, ऑप्शन्स आणि तत्सम व्यवहार. ज्यांना एकत्रितपणे डेरिव्हेटिव्हज् असे म्हटले जाते.

विषय वैद्यकीय नाही, हे मान्य. परंतु परिषदांमधील चहाच्या वेळी, रुग्णालयांच्या डॉक्टर्स रूममध्ये आणि निवासी डॉक्टरांच्या वसतिगृहांतही ‘कॉल’, ‘पुट’ आणि ‘एक्स्पायरी’ हे शब्द आता सर्रास ऐकू येतात. अनेक व्यवसायबंधू आपण ‘हेजिंग’ करतो, म्हणजे जोखमीचे व्यवस्थापन करतो, असे मनःपूर्वक मानतात. माझे मत प्रारंभीच स्पष्ट करतो. डेरिव्हेटिव्हज् हे उत्तम औषध आहे. पण ज्याच्या अंगी रोग आहे त्याच्यासाठी. आपल्यापैकी बहुतेकांना तो रोग नाही. आणि ज्यांना तो खरोखर आहे, त्या आपल्या माळव्यातील लोकांच्या हातून हे औषध काढून घेतले गेले, ही या विषयाची खेदजनक बाजू आहे.

जोखीम आधी, वायदा नंतर

या साधनांचा जन्म जुगाराच्या अड्ड्यावर झाला नाही, तो धान्याच्या कोठारापाशी झाला. जपानमध्ये सामुराईंचे वेतन तांदळाच्या रूपात मिळे. तांदळाचा भाव पडला की वेतन घटे. ओसाका येथील दोजिमा तांदूळ-बाजारात पुढील मुदतीचे सौदे होऊ लागले आणि १७३० साली तेथील शासनाने त्यांस अधिकृत मान्यता दिली. अमेरिकेत धान्यव्यापाऱ्यांनी १८४८ साली शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडची स्थापना केली. आपल्या देशात १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन होऊन कापसाच्या वायद्यांना संघटित रूप आले. होळकरांच्या या नगरीसही वायदा नवा नाही. अफू आणि कापसाच्या तेजी-मंदीवर येथे पेढ्या उभ्या राहिल्या व बुडाल्याही. पुढे इंदूरच्याच नॅशनल बोर्ड ऑफ ट्रेड या बाजारात सोयातेलाचे वायदे मोठ्या प्रमाणावर होत असत.

या सर्व ठिकाणी क्रम एकच होता. जोखीम आधी होती; वायदा नंतर आला. एक उदाहरण घेऊ. समजा, एका तेल-कारखानदाराने ऑक्टोबरमध्ये क्विंटलला ४,८०० रुपये भावाने १,००० क्विंटल सोयाबीन घेऊन गोदामात ठेवले. गाळप जानेवारीत व्हायचे आहे. मधल्या काळात भाव ४,३०० वर आला, तर गोदामातल्या मालावर त्याचे पाच लाखांचे नुकसान होईल. म्हणून त्याने खरेदीच्याच दिवशी जानेवारीचा वायदा ४,९०० रुपये भावाने विकून ठेवला. जानेवारीत भाव खरोखरच ४,३०० झाला, तर मालात पाच लाख गेले, पण वायद्यात सहा लाख मिळाले. उलट भाव ५,४०० झाला, तर मालात सहा लाखांचा लाभ, आणि वायद्यात पाच लाखांचा तोटा. बाजार कोठेही जावो, त्याच्या पदरी एक लाखच राहतात आणि त्यातून गोदामभाडे व व्याज भागते. त्याची चिंता गेली. तिच्याबरोबर अवचित लाभाची आशाही गेली. ती सोडून देणे हीच या औषधाची किंमत होय.

या उदाहरणातून एक साधी कसोटी हाती येते. ज्या दिवशी वायद्यात तोटा होईल, त्या दिवशी आपल्या दुसऱ्या एखाद्या खऱ्या व्यवहारात जवळपास तितकाच लाभ झाला पाहिजे. तसे होत असेल, तर ते हेजिंग. तसा दुसरा व्यवहारच नसेल, तर आपण जोखीम कमी करीत नसून नव्याने निर्माण करीत आहोत. त्यास कोणतेही सुसंस्कृत नाव दिले तरी निदान बदलत नाही.

विमा घेणारा आणि विमा देणारा

ऑप्शन समजून घेण्यास आपणांस व्यावसायिक दायित्व विम्याचे उदाहरण पुरेसे आहे. आपण वर्षाला ठरावीक हप्ता भरतो. दावा आला नाही तर हप्ता गेला, आला तर विमा कंपनी भरपाई देते. ‘पुट’ ऑप्शन विकत घेणारा हेच करतो. त्याच्याजवळ वर्षानुवर्षे साठविलेले समभाग आहेत आणि पुढील काही महिन्यांत कन्येच्या शिक्षणासाठी त्यांची विक्री करावयाची आहे, तर थोडा प्रीमियम भरून तो त्या मुदतीपुरता किमान भाव निश्चित करून घेऊ शकतो. येथे गरज आहे, मात्रा आहे आणि मुदतही आहे.

परंतु आपल्या मंडळींत हल्ली लोकप्रिय झाली आहे ती ऑप्शनची विक्री. ‘दरमहा दोन-तीन टक्के नियमित उत्पन्न’ अशी तिची ख्याती असते. येथे आपण विमा घेत नाही, तर देतो. कल्पना करा : शहरातील सर्व सर्जन आणि प्रसूतितज्ज्ञ यांच्यावरील दाव्यांची भरपाई एखाद्या सहकाऱ्याने काही हजार रुपयांच्या हप्त्यावर स्वतःच्या घराच्या तारणाने पत्करली. अनेक महिने दावा येणार नाही आणि त्यास आपण चतुर आहोत असे वाटेल. ज्या दिवशी मोठा दावा येईल, त्या दिवशी घर जाईल. विमा कंपनीजवळ हजारो ग्राहकांचे हप्ते, राखीव निधी आणि पुनर्विमा असतो. दवाखान्यातून मोबाईलवर ऑप्शन विकणाऱ्या डॉक्टरजवळ यातले काय असते?

मोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. लंडनच्या बेअरिंग्ज बँकेचा सिंगापूर येथील कर्मचारी निक लीसन याने जपानी निर्देशांकाचे वायदे घेतले होते आणि ऑप्शन्स विकले होते. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे येथे भूकंप झाला, बाजार कोसळला, आणि दोन शतकांहून जुनी ती बँक ८२ कोटी पौंडांहून अधिक तोट्यात बुडून अखेर एका पौंडास विकली गेली. निर्यातदारांसारख्या ज्यांना खरी गरज होती त्यांनीही मात्रा चुकविली तेव्हा हेच झाले. तिरुपूर व अन्य ठिकाणच्या अनेक निर्यातदारांनी २००७-०८ च्या सुमारास डॉलरच्या साध्या वायद्याऐवजी येन आणि स्विस फ्रँक यांच्या भावांशी जोडलेले गुंतागुंतीचे करार केले. त्यांची मिळकत डॉलरमध्ये होती, त्या चलनांत नव्हती. परिणामी तोटे झाले, खटले झाले, आणि एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने या प्रकरणी १९ बँकांना दंड केला.

२० एप्रिल २०२० चा प्रसंग तर पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. त्या दिवशी अमेरिकेतील कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली, पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. टाळेबंदीमुळे आपल्याकडील एमसीएक्स बाजार तेव्हा सायंकाळी पाचलाच बंद होत होता. त्यामुळे येथील खरेदीदारांना रात्री बाहेर पडण्याचा मार्गच नव्हता आणि सौद्यांचा निकाल पिंपामागे उणे २,८८४ रुपये भावाने लागला. १०० पिंपांच्या एका लॉटवर, मूळ खरेदीचा सर्व पैसा गमावून, वर आणखी २,८८,४०० रुपये देणे झाले. ‘जास्तीत जास्त घातलेले पैसे जातील’ हा समभाग खरेदीदाराचा दिलासा वायद्यात लागू पडत नाही.

आकडे काय सांगतात

आपण डॉक्टर मंडळी पुराव्यावर आधारलेल्या उपचारांचा आग्रह धरतो. तोच न्याय येथे लावू. भारतात निर्देशांकाचे वायदे जून २००० मध्ये सुरू झाले. निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन २०१९ मध्ये आले आणि महासाथीच्या काळात घरोघरी पोहोचले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या विभागात व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तोटा सोसणाऱ्यांचा सरासरी तोटा, खर्च धरून, माणशी सुमारे दोन लाख रुपये होता. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक लाभ मिळविणारे केवळ एक टक्का होते. जुलै २०२५ मधील अभ्यासात २०२४-२५ या वर्षासाठी तोट्यातील व्यक्तींचे प्रमाण ९१ टक्के आणि एकत्रित तोटा एक लाख कोटी रुपयांहून अधिक आढळला.

मग हा पैसा गेला कोठे? त्याच २०२४ च्या अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये दलाली संस्थांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी रुपयांचा ढोबळ लाभ मिळविला, आणि त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक लाभ संगणकीय प्रणालीद्वारे झालेल्या व्यवहारांतून होता. आपण दोन रुग्णांच्या मधल्या पाच मिनिटांत ज्याच्याशी सौदा करतो, तो प्रतिपक्षी बहुधा एक यंत्र असते. त्याला जेवण नाही, झोप नाही, आणि तातडीची शस्त्रक्रियाही नाही.

सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा आणखी निराळा आहे. सतत तोटा होऊनही तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांनी हे व्यवहार चालूच ठेवले. पुनःपुन्हा हानी होऊनही कृती थांबविता न येणे, या लक्षणास आपण काय म्हणतो? जुगाराच्या विकारास २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये मद्यादी व्यसनांच्या शेजारी स्थान मिळाले, हे मनोविकारतज्ज्ञ जाणतात. सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्देशांकाच्या कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले आणि साप्ताहिक मुदतीचे करार प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकापुरते ठेवले. उपाय योग्यच आहेत. पण बाटलीचे झाकण घट्ट केल्याने व्यसन सुटत नाही.

माळव्याची विसंगती

आता दुसरी बाजू पाहू. डिसेंबर २०२१ मध्ये महागाईच्या चिंतेने सात शेतमालांचे वायदे स्थगित करण्यात आले. त्यात भात, गहू, हरभरा, मूग, मोहरी आणि पामतेलाबरोबर सोयाबीन व त्यापासूनची उत्पादनेही होती. ही स्थगिती पुढे वारंवार वाढविण्यात आली. सोयाबीन हे माळव्याचे जीवन आहे. आपल्या दवाखान्यांत येणारे देवास, उज्जैन, धार आणि सीहोरकडचे रुग्ण सोयाबीन विकून शस्त्रक्रियेचे पैसे भरतात. सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली गेला, तेव्हा हेच शेतकरी ६,००० रुपयांच्या मागणीसाठी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते.

वायदा चालू असता तर भाव वाढला असता, असे मी म्हणत नाही. वायदा भाव वाढवीत नाही. परंतु पेरणीच्या वेळी काढणीच्या हंगामाचा भाव काय दिसतो, हे त्यातून कळते. शेतकरी उत्पादक कंपनी, व्यापारी आणि तेल-कारखानदार त्या भावास स्वतःस बांधून घेऊ शकतात, आणि त्यामुळे शेतकऱ्यास निश्चिंतपणे दर देऊ शकतात. सामान्य शेतकऱ्याने स्वतः वायदा केला नाही तरी त्याचा लाभ असा अप्रत्यक्षपणे पोहोचतो. सट्टेबाजीचा दोष देऊन ज्या वर्षांत हे साधन बंद ठेवले गेले, त्याच वर्षांत निर्देशांकाच्या ऑप्शन्सची उलाढाल इतकी फुगली, की सौद्यांच्या संख्येने भारत जगात अग्रस्थानी पोहोचला. ज्याच्या शेतात जोखीम उभी होती त्याला औषध मिळाले नाही. ज्याच्या अंगी काहीच नव्हते त्याच्या हाती संपूर्ण बाटली होती. धोरणकर्त्यांनी या विसंगतीचा विचार करावयास हवा, आणि माळव्यात राहून येथील शेतकऱ्यांच्या पैशावर चरितार्थ चालविणाऱ्या आपणही.

काही आक्षेप

यावर काही मंडळी म्हणतील, सट्टा करणारे नसतील तर हेजिंग करणाऱ्याची जोखीम घेणार कोण? प्रश्न रास्त आहे. वरील उदाहरणातील कारखानदाराचा वायदा कोणीतरी विकत घेतलाच पाहिजे. परंतु जोखीम पत्करणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला भांडवल, माहिती आणि पूर्ण वेळ लागतो. रक्तपेढीस रक्त हवे असते, म्हणून रक्तक्षयाच्या रुग्णाने रक्तदान करावे असे कोणी म्हणत नाही. शिवाय मुदत संपण्याच्या दिवशी काही मिनिटांसाठी होणाऱ्या ऑप्शनच्या सौद्यांनी कोणत्या शेतकऱ्याची वा कारखानदाराची जोखीम हलकी होते?

दुसरा आक्षेप : पैसा आमचा, मग इतरांनी का बोलावे? पैसा आपला खरा; पण लक्ष मात्र रुग्णाचे असते. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक मुदत मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी संपते. त्या दुपारी ज्याचे काही लाख पणाला लागले आहेत, त्या डॉक्टरची नजर ईसीजीवर असेल की मोबाईलवर? रुग्णाने या प्रश्नाचे उत्तर मागितले, तर ते आपल्याला देता आले पाहिजे.

डॉक्टरची खरी जोखीम

आपल्याला जोखीम नाही, असे मात्र मुळीच नाही. परदेशी यंत्र मागविणाऱ्या नर्सिंग होमचेच पाहा. मे २०१३ च्या आरंभी डॉलर सुमारे ५४ रुपयांस होता. २८ ऑगस्ट २०१३ रोजी तो ६८ च्या वर गेला. एक लाख डॉलरचे यंत्र मागवून पैसे ऑगस्टअखेरीस द्यावयाचे असतील, तर १४ लाखांचा वाढीव बोजा चार महिन्यांत पडला. अशा वेळी बँकेमार्फत तेवढ्याच रकमेचा आणि तेवढ्याच मुदतीचा डॉलरचा आगाऊ सौदा करणे हे शुद्ध हेजिंग आहे, आणि तो न करणे हीच उलट बेपर्वाई म्हणावी लागेल. मुलांच्या परदेशी शिक्षणाचे ठरलेले शुल्क हेही असेच एक उदाहरण.

परंतु बहुतेकांची खरी जोखीम अशी आहे की तिचा वायदा कोणत्याही बाजारात मिळत नाही. सर्जनचा हात दुखावला, तर उत्पन्न थांबते. घर चालविणारी व्यक्ती अकाली गेली, तर कर्जाचे हप्ते मागे राहतात. १९९५ साली व्ही. पी. शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हापासून दाव्याची टांगती तलवार आहेच. या रोगांवरील औषधे जुनी आणि नीरस आहेत : पुरेसा मुदतीचा आयुर्विमा, अपघात व अपंगत्वाचा विमा, व्यावसायिक दायित्व विमा, सहा महिन्यांच्या खर्चाइतकी सहज हाती येणारी शिल्लक, आणि कर्जावर मर्यादा. यांतील एकही गोष्ट परिषदेच्या चहाच्या वेळी रंगवून सांगण्यासारखी नाही. तथापि ज्याने ही तजवीज न करता ऑप्शन विकण्यास आरंभ केला आहे, त्याने छातीत दुखणाऱ्या रुग्णास सौंदर्यप्रसाधन लिहून दिल्यासारखे आहे.

म्हणून आपल्या संस्थेस दोन नम्र सूचना कराव्याशा वाटतात. एक, आपल्या शैक्षणिक सभांच्या प्रायोजकांत दलाली संस्था आणि ‘नियमित उत्पन्ना’चे वर्ग चालविणारे यांना स्थान देऊ नये, औषध कंपन्यांच्या भेटवस्तूंविषयी आपण जो विवेक बाळगतो, तोच येथे बाळगावा. दुसरी, वर्षातून एक सत्र तरुण सदस्यांसाठी, विशेषतः निवासी डॉक्टरांसाठी, विमा, कर्ज आणि बचत या विषयांवर ठेवावे. त्यात ज्यांना तोटे झाले आहेत त्यांना संकोच न बाळगता मदत मागता येईल, असे वातावरण असावे. सेबीच्या अभ्यासात २०२३-२४ मधील व्यवहारकर्त्यांपैकी ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते. आपल्या घरांतील आणि वसतिगृहांतील मुले याच वयाची आहेत.

वायदा आणि ऑप्शन यांचा मी विरोधक नाही. ज्याच्या गोदामात माल आहे, ज्याला डॉलर देणे आहे, ज्याच्या शेतात पीक उभे आहे, त्याला हे औषध सुलभपणे आणि योग्य मात्रेत मिळालेच पाहिजे. आपण मात्र पुढील सौदा करण्यापूर्वी, रुग्णाच्या बाबतीत रोज विचारतो तो प्रश्न एकदा स्वतःस विचारावा : मला नेमका कोणता रोग आहे? उत्तर सापडले नाही, तर लेखणी खाली ठेवावी. औषध न लिहिणे हाही उपचारच आहे, आणि तो निःशुल्क आहे.